‘पप्पा, मी रडलो नाही’

*ताई, नमस्कार. मी गंगाखेड तालुक्यातला. वय ४१. गावात खत-बियाण्याचं दुकान आहे, सहा एकर शेती आहे. आषाढात आई वारली, ऐन पेरणीचा टाईम. तीन बहिणींत मी एकटा भाऊ. लाकडं, फोन, पाहुण्यांचं चहापाणी, सगळं मीच बघितलं. मडकं धरलं, अग्नी दिला, पण डोळ्यातून थेंब आला नाही. राख गंगेला सोडतानाही नाही. चुलती सगळ्यांसमोर म्हणली, ‘ह्याचं काळीज दगडाचं हाय.’ तसं थोरल्या बहिणीच्या लग्नात मी ढसाढसा रडलो होतो. मग आईच्या वेळी काय झालं? तेव्हापासून अंग जड पडतं, पाठ धरते, जेवणावरची वासना उडाली. परभणीला सगळ्या तपासण्या केल्या, रिपोर्ट नॉर्मल. घरात बारीकसारीक गोष्टीवर डोकं फिरतं. बायको बोलायला भिते. पंधरा दिवसांपूर्वी माझा नऊ वर्षांचा पोरगा सायकलवरून पडला, कोपराजवळ हाड मोडलं. दवाखान्यात नेईपर्यंत तो माझ्या तोंडाकडं बघत होता. डोळे भरले होते, पण पाणी खाली पडू दिलं नाही. प्लास्टर झाल्यावर म्हणला, ‘पप्पा, मी रडलो नाही.’ मी म्हणलो, ‘शाब्बास.’ त्या रात्री मला झोप लागली नाही. मी जन्मतःच असा आहे का? पोरगंही माझ्यावरच गेलंय का? भाऊबीजेला बहिणी येणार आहेत, त्याची आत्तापासून धास्ती वाटते.*

भाऊ,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात, मी मात्र तिथंच थांबले. थोरल्या बहिणीच्या लग्नात तुम्ही ढसाढसा रडला होता. चुलतीचं बोलणं तुम्ही इतके महिने मनात धरून बसलात आणि स्वतःचं हे रडणं एका ओळीत उरकलंत. म्हणून सुरुवात त्या लग्नापासूनच करू.

आपल्याकडं पोरगी वाटं लावताना काय होतं ते आठवून बघा. बँडवाले हात थांबवतात. पोरगी आईच्या गळ्यात पडते, मग मावश्या, चुलत्या, आणि शेवटी बापाकडं येते. तोवर मंडपात वाढप्यांवर ओरडत फिरणारा बाप लेकरासारखा हुंदके द्यायला लागतो. भाऊ गाडीचं दार धरून रडतो. उभं गाव बघत असतं, पण ‘काय बायकावानी रडायलास’ असं कुणी म्हणत नाही. उलट ज्याचे डोळे कोरडे राहिले त्याच्याबद्दल माघारी बोलणं होतं. पुरुषाच्या रडण्याला गावानं एक दार ठेवलंय, ते तिथं आहे. दुसरं कीर्तनात आहे. बुवांनी जनाबाईचा प्रसंग लावला की फेटेवाले म्हातारेसुद्धा उपरण्यानं डोळे टिपतात. तुम्ही तर जनाबाईच्याच मुलखातले, तुम्हाला हे मी सांगायला नको.

मयताच्या दिवशी मात्र गाव पुरुषाच्या हातात काम देतं. बांबू आणा, लाकडं मोजून घ्या, लांबच्या पाहुण्यांसाठी थांबायचं का ते ठरवा, पाऊस आला तर काय करायचं ते बघा. अग्नी देणाऱ्यावर तर सगळ्यांची नजर. खांद्यावर मडकं, मागून कुणीतरी त्याला भोक पाडणार, फेऱ्या घालायच्या, मडकं मागं टाकायचं, आणि बऱ्याच गावांत त्यानं पालथ्या हातानं बोंब मारायची. तेवढाच त्याचा आवाज, आणि तोही कधी नि किती हे आधीच ठरलेलं. बहिणींच्या वाट्याला रडणं आलं आणि तुमच्या वाट्याला लाकडं आली. तुम्ही एकटे भाऊ. ते काम तुम्ही टाकलं असतं तर कुणी उचललं असतं? माझ्या मते आईसाठी तुम्ही त्या दिवशी जे केलं त्यात तुमची सगळी माया होती, पण ती चुलतीला दिसेल अशा रूपात नव्हती.

रडायलासुद्धा शिकावं लागतं, हे मला माझ्या आत्यानं शिकवलं. मी नऊ-दहा वर्षांची होते. तिच्यासोबत शेजारच्या गावाला दुखवट्याला निघाले होते. बैलगाडीत चार-पाच बायका. वाटभर भुईमुगाला शेंगा किती लागल्या, कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, असं चाललेलं. गाव आलं तशी आत्यानं पदर तोंडापर्यंत ओढला. त्या घराच्या उंबऱ्यावर पाय पडला आणि तिनं असा हेल काढला की माझ्या अंगावर काटा आला. आतल्या बायकांनी तो उचलला. गेलेल्या बाईनं काय काय सोसलं, कुणाच्या अडीनडीला ती धावली, तिच्या हातची भाकरी कशी होती, सगळं आत्या रडण्याच्या सुरात सांगत होती. ती दमली की दुसरी धरायची, दुसरी दमली की तिसरी. बऱ्याच वेळानं कुणीतरी तांब्या पुढं केला, बायकांनी तोंडं धुतली, चहा झाला. परतीच्या वाटेवर मी आत्याला विचारलं, ‘तू खोटं खोटं रडलीस का गं?’

ती रागावली नाही. म्हणाली, ‘रडायलाबी शिकावं लागतं माय. दारात सूर धरला की आतलं आपसूक येतंय.’

मला तोवर वाटायचं की आधी दुःख येतं आणि मग रडू. आत्याकडं सूर आधी होता, दुःख त्याच्या मागून यायचं. आणि ते दुःख खरंच होतं. त्या बाईसोबत तिनं वीस वर्षं खुरपणी केली होती. बायकांना हे शिकवणारी जागा घरातही होती, ती म्हणजे जातं. पहाटेच्या अंधारात ओवीतून बाई माहेर, सासर, गेलेलं लेकरू, सगळं बोलून मोकळी व्हायची. हेमा रायरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी गावोगावी फिरून आणि माणसं तयार करून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, तर त्या एक लाखाच्या वर भरल्या. ज्यांना चारचौघांत तोंड उघडायची मुभा नव्हती त्यांनी रचलेल्या एक लाख ओव्या. त्या जात्याशेजारी मुली झोपायच्या, जाग्या व्हायच्या, ऐकायच्या. तुमच्या बहिणींचा हेल आईच्या आणि आजीच्या तोंडून असाच आलेला आहे. तुम्ही त्याच घरात वाढलात, पण तुम्हाला तेव्हा कुणीतरी हाक मारून बाहेर बैलांकडं नेलं असणार.

‘मी जन्मतःच असा आहे का,’ हे तुम्ही विचारलंत. जन्मतः माणूस काहीच घेऊन येत नाही, असं मी म्हणणार नाही. २००४ साली अथेन्सला पॅरालिम्पिक, म्हणजे अपंग खेळाडूंचं ऑलिम्पिक झालं, त्यातल्या ज्युदोपटूंच्या चेहऱ्यांचे फोटो संशोधकांनी तपासले. जे खेळाडू जन्मापासून आंधळे होते, ज्यांनी आयुष्यात कुणाचाही चेहरा बघितला नव्हता, त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्या-हरल्याच्या क्षणी तेच स्नायू हलले जे डोळस खेळाडूंचे हलले. तेव्हा दुःख, भीती, आनंद यांचं मूळ अंगातच आहे. तुमच्यातही आहे, तुमच्या पोरातही. पण कशाला भ्यायचं, कुणासमोर रडायचं, कुठल्या दुःखाला दुःख म्हणायचं आणि कुठल्याला नुसता थकवा, हे मात्र घर शिकवतं, गल्ली शिकवते, गाव शिकवतं. आणि ते बोलून फार कमी शिकवलं जातं. लेकरं बघून शिकतात.

माझं माहेर औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. तुम्ही तेव्हा जवळजवळ तुमच्या पोराएवढेच असाल. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद, ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळ्यात गारवा दिला त्याच घरांनी किल्लारी-सास्तूरकडं झोपेतल्या हजारो माणसांना गाडलं. आमच्या गावातली घरं उभी राहिली, पण त्यानंतर कितीतरी महिने कुणी छताखाली झोपायला धजलं नाही. अंगणात बाजा टाकायच्या, पाऊस आला तर पत्र्याच्या शेडात. माझी भाची ह्या भूकंपानंतर तीन वर्षांनी जन्मली. चालायला लागली तेव्हापासूनची तिची एक सवय होती. रस्त्यानं लोड भरलेला ट्रक गेला, मांडणीतली भांडी जराशी वाजली, की ती हातातलं खेळणं टाकून दाराकडं पळायची. भूकंप तिनं बघितलेला नव्हता. भांडी वाजली की तिच्या आईचं तोंड कसं होतं, ते तिनं बघितलं होतं.

हेच अमेरिकेतल्या संशोधकांनी १९८५ साली प्रयोग करून दाखवलं. वर्षाच्या आतबाहेरची बाळं घेतली. एका टेबलावर जाड काच, आणि अर्ध्या भागात काचेखाली फूटभर खोल खड्डा दिसेल अशी मांडणी. पलीकडं आई उभी आणि खेळणं ठेवलेलं. बाळ रांगत कडेपर्यंत यायचं, खाली बघायचं, थांबायचं, आणि मान वर करून आईच्या तोंडाकडं बघायचं. आईनं हसरा चेहरा ठेवला तेव्हा १९ पैकी १४ बाळं काच ओलांडून गेली. आईनं घाबरलेला चेहरा ठेवला तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही. आईनं तोंडातून शब्द काढला नव्हता.

आता दवाखान्याच्या वाटेवरचं तुमचं पोरगं डोळ्यांपुढं आणा. हाड मोडलंय, कळा येताहेत, आणि ते तुमच्या तोंडाकडं बघतंय. ते विचारत होतं, पप्पा, हे केवढं दुखणं आहे? ह्याला रडलं तर चालेल का? तुमच्या तोंडावर त्याला जे दिसलं त्यातून त्यानं उत्तर काढलं, आणि प्लास्टर झाल्यावर पाठ केलेली कविता म्हणून दाखवावी तसं तुम्हाला म्हणून दाखवलं. तुम्ही ‘शाब्बास’ म्हणालात. म्हणजे ते तुमच्यावर ‘गेलेलं’ नाही, ते तुमच्याकडून शिकतंय. ह्या दोन गोष्टींत फार मोठा फरक आहे. शिकलेल्यावर आणखी शिकता येतं. त्या रात्री तुम्हाला झोप लागली नाही ह्याचा मला आनंदच झाला, रागावू नका. काहीतरी चुकलं हे तुम्हाला कुणी न सांगता कळलं.

स्वतःला फार दोषही देऊ नका. हे शिकवणं तुमच्या-माझ्यापासून सुरू झालेलं नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ स्थायीभाव, म्हणजे मनातले मूळ भाव सांगितलेत, त्यात शोक आहे. सातव्या अध्यायात तो नटांनी कसा दाखवायचा हेही येतं : उत्तम आणि मध्यम प्रकृतीच्या पात्रांचा शोक धैर्यानं, आणि स्त्रियांचा नि हलक्या प्रकृतीच्या पात्रांचा रडण्यानं. पाऊणेदोन-दोन हजार वर्षांपूर्वीचा ग्रंथ आणि तुमच्या गल्लीतलं ‘पोरीवानी रडू नको’ एकच गोष्ट सांगताहेत. रडणं खालच्याचं, सोसणं वरच्याचं. मला हे वाचताना दरवेळी वाईट वाटतं, कारण त्यात बायकांना हलकं ठरवलंय आणि पुरुषांना मुकं केलंय.

तुमच्या अंगदुखीकडं येते. रॉबर्ट लेव्ही नावाचे एक मानसोपचारतज्ज्ञ होते, ते पॅसिफिक महासागरातल्या ताहिती बेटावर जाऊन राहिले आणि १९७३ साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांना असं आढळलं की तिथल्या भाषेत रागासाठी ४६ शब्द आहेत, पण आपण ज्याला दुःख म्हणतो, माणूस गमावल्यावरचं, त्याला नेमका शब्दच नाही. मग जवळचं माणूस दुरावलं की तिथला माणूस काय म्हणायचा? अंग जड झालंय. थकवा आलाय. बरं वाटेना. दुःख होतं, पण नाव नसल्यामुळं ते आजार बनून अंगात उतरायचं. तुमचं पत्र वाचताना मला ताहिती आठवलं. अंग जड, पाठ धरलेली, जेवणावरची वासना उडालेली, आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टरांचं चुकलेलं नाही, पण दुखणं पण खोटं नाही.

(वजन सारखं उतरत असेल किंवा छातीत दुखत असेल तर पुन्हा दाखवा. सगळंच मनाचं म्हणून सोडून द्यायचं नसतं.)

आणि राग. बहुतेक घरांत पुरुषाला एकच भावना मोकळेपणानं करायची परवानगी असते, ती ही. म्हणून बाकीच्या सगळ्या तिच्याच दारातून बाहेर पडतात. ताट वेळेवर आलं नाही म्हणून तुम्ही ओरडता, तेव्हा त्या ताटाशी तुमचं भांडण असतं असं मला वाटत नाही. पण राग म्हणजे पुरुषार्थ, हेही जगात सगळीकडं नाही. जीन ब्रिग्ज नावाची एक अभ्यासक १९६३ साली कॅनडाच्या उत्तर टोकाला, बर्फात राहणाऱ्या इनुइट लोकांत गेली. एका कुटुंबानं तिला मुलगी मानलं. तिथं मोठ्या माणसानं चिडणं म्हणजे लेकरासारखं वागणं. चिडतं ते लहान मूल, कारण त्याला अजून समज आलेली नसते. एकदा बाहेरून आलेल्या लोकांनी त्यांची होडी मोडली, वर दुसरी मागितली, तेव्हा ह्या बाईनं त्यांना चार शब्द सुनावले. तिची बाजू खरी होती. तरी पुढं काही महिने तिच्या शेजाऱ्यांनी तिच्याशी जेवढ्यास तेवढं ठेवलं. ती माणसं लेकरांवरही ओरडायची नाहीत. लेकरू मारकुटं झालं तर आई खेळात घ्यायची, ‘मार बरं मला’ म्हणायची, आणि त्यानं मारलं की ‘आई गं, दुखलं की रे’ म्हणून दाखवायची. लेकराला समोरच्याच्या चेहऱ्यावर दुखणं दिसायचं.

तुमच्या घरात आत्ता तुमच्या बायकोच्या चेहऱ्यावर ते दिसतंय. ‘बायको बोलायला भिते’ हे तुम्ही तीन शब्दांत लिहिलंत, पण पोरगा ते रोज बघतोय. आईचं गप्प होणंही तो शिकतोय. आई गेल्याचं दुःख हे कारण आहे, पण ती सूट नाही. तिला आजच सांगा की आई गेल्यापासून माझं असं होतंय, चूक तुझी नाही. एवढं वाक्य जमलं नाही तर निम्मं सांगा, बाकीचं तिला कळेल.

शब्दांवर जरा जास्त बोलते, कारण तुमचं खरं अडलंय ते तिथं. मराठीला ताहितीसारखी अडचण नाही. उमाळा, कढ, गहिवर, हुरहूर, रुखरुख, चुटपुट, सल. गलबलून येतं, भडभडून येतं, जीव तुटतो, पोटात कालवतं. एवढ्या छटांची सोय आपल्या आज्यांनी करून ठेवलीय. पण आपल्या पुरुषांच्या तोंडी मी दोनच ऐकते : ‘टेन्शन आहे’ आणि ‘डोकं फिरलंय’. पीक गेलं तरी टेन्शन, आई गेली तरी टेन्शन. माझ्याकडं बोलायला येणाऱ्या माणसांना मी कधीकधी विचारते, ह्याला टेन्शन म्हणायचं नाही असं ठरलं तर काय म्हणाल? बराच वेळ गप्प बसतात. मग एखादा मान खाली घालून म्हणतो, ‘करमंना गेलंय.’

हा शब्द धरा, भाऊ. करमत नाही, हे म्हणायला आपल्याकडं पुरुषाला लाज वाटत नाही. हॉस्टेलवर गेलेलं पोरगं म्हणतं, बदली होऊन गेलेला मास्तर म्हणतो, गावाकडून पुण्याला गेलेला म्हातारा म्हणतो, अन् जोडीतला एक बैल विकला तर दुसऱ्याला करमंना असंही आपण म्हणतो. त्यात रडणं नाही, पण दुःख सगळं आहे. आज रात्री जेवताना पोरगं शेजारी असताना म्हणा, ‘आईबिगर करमंना झालंय मला.’ बस्स, एवढंच. समजावून सांगत बसू नका. त्यानं आजीचं काही काढलं तर ऐका. त्याची पण आजी गेलीय, आणि चार महिने घरात तिचं नाव कुणी घेतलेलं नसेल, तर त्याला वाटत असेल की घ्यायचंच नसतं.

‘शाब्बास’चं काय करायचं? ते मागं घेऊ नका, नऊ वर्षांच्या पोराला त्यानं मान खाली गेल्यासारखं वाटेल. त्याच्यात भर घाला. ‘त्या दिवशी लई दुखलं असंल ना? मला तुझ्याकडं बघवंना. रडला असतास तरी मी शाब्बासच म्हणलो असतो.’ हे तुमच्या शब्दांत, गाडीवर मागं बसवून कुठं चाललेले असताना म्हटलंत तर बरं. समोरासमोर बसून बोलायचं म्हटलं की बापलेक दोघंही आखडतात, हे मी फार घरांत बघितलंय.

भाऊबीजेची धास्ती वाटतेय, कारण त्या दिवशी घरात आईची जागा रिकामी दिसणार आहे, आणि बहिणी रडायला लागल्या की तुम्ही दुकानाचं कारण काढून उठाल. मी असते तर दुकान त्या दिवशी सकाळीच बंद ठेवलं असतं. धाकट्या बहिणीला आधी फोन करून सांगा की आईच्या हातचे धपाटे कसे व्हायचे ते कुणाला येतंय, ते करू. चुलीपाशी बायकांत बसायला लाज वाटेल, पण बसा. लसूण सोला. हाताला काम असलं की तुमच्यासारख्या माणसाला बसवतं. बहिणी बोलतील, हसतील, त्यांतली एखादी पदर डोळ्याला लावेल. तिला ‘गप बस, आता काय रडून’ म्हणू नका. बाकी काहीच करू नका. आत्याच्या त्या गाडीतून मी एवढंच शिकले की सूर एकटीला लागत नाही, दुसरीनं धरावा लागतो.

त्या दिवशीही डोळ्यातून पाणी आलं नाही तर? नाही आलं तर नाही आलं. न रडणं हा आजार नाही, आणि आतला बांध कधीतरी फुटलाच पाहिजे असं काही नसतं. कितीतरी माणसं न रडता दुःखातून नीट बाहेर येतात. मला तुमच्या आसवांपेक्षा तुमच्या रागाची, जेवणाची आणि झोपेची काळजी जास्त आहे. दिवाळीनंतरही अंग असंच जड राहिलं, झोप उडाली, कशातच मन लागेना, प्यायचं प्रमाण वाढलं, तर परभणीच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात जा. आणि जगून काय करायचं असा विचार एकदा जरी मनात आला, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. तुमच्या दुकानात रोज शेतकरी येतात, काउंटरवर हा नंबर लिहून ठेवला तर कुणालातरी तो न विचारता वाचता येईल.

चुलतीवर राग धरू नका. तिला दुःखाचं एकच रूप ओळखता येतं, तेच तिला शिकवलेलं. तिच्याकडं एकदा जाऊन बसा, आई लग्न होऊन आली तेव्हाचं काही सांग म्हणा. ती जुनी आहे, तिला तुमच्या जन्माआधीची आई माहीत आहे.

आणि पोराच्या हाताचं. प्लास्टर काढल्यावर कोपर आखडलेलं असेल, लगेच सरळ होणार नाही, बघून घाबरू नका. तेल लावून चोळायला, ओढायला कुणाकडं नेऊ नका, कोपराला ते चालत नाही. त्याचा तो हलवील, खेळता खेळता सुटत जाईल. सुरुवातीला दुखेल. दुखलं की त्याला सांगू द्या.

तुमची,
ताई